स्वतःशी तरी नीट बोला

‘मन खंबीर ठेवा’ असा सल्ला संकटात सगळेच देतात; कसे, ते कोणी सांगत नाही. नोकरी गेलेला माणूस आधीच स्वतःला दिवसरात्र दोष देत असतो. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये आत्मकरुणेची मोजपट्टी मांडली. तिचा गाभा साधा आहे: स्वतःशी मायेने वागणे, दुःख एकट्याच्याच वाट्याला आलेले नाही हे ओळखणे आणि ते न फुगवता, न दडपता पाहणे. यातले मधले मला सर्वांत अवघड वाटते. ‘माझ्याच नशिबी का?’ या प्रश्नाने माणूस एकटा पडतो. आत्मकरुणा म्हणजे स्वतःचे लाड नव्हेत (तशी शंका घेणारे बरेच भेटतात). खचलेल्या मित्राशी आपण जसे बोलतो, तसेच स्वतःशी बोलायचे. आपल्या पुरवणीत यावर तज्ज्ञांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

— एक वाचक