नळ दिला, पाणी कुठलं दिलं?

मा. पाणीपुरवठा मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मागच्या आठवड्यात माझ्या आठ वर्षांच्या मुलाचे समोरचे पक्के दात पुरते बाहेर आले. तपकिरी, खडबडीत. शाळेच्या फोटोत तो ओठ घट्ट मिटून उभा आहे. आमच्या केळापूर तालुक्यात असे दात नवे नाहीत, पण आपल्या लेकराच्या तोंडात दिसले की घास उतरत नाही.

15 ऑगस्ट 2019 रोजी 2024पर्यंत घरोघरी नळाचं पाणी देण्याची घोषणा झाली. तेव्हा मुलगा दोन वर्षांचा होता. हेच दात हिरडीखाली घडत होते. नळ आला, पण तो जोडला त्याच बोअरला, जिच्या तपासणीत फ्लोराइड, म्हणजे खडकातून पाण्यात उतरणारा आणि जास्त झाला की दात-हाडं बिघडवणारा क्षार, लिटरमागे 3.8 मिलिग्रॅम निघालं होतं. मर्यादा 1 ची. दुसरं पाणीच नसेल तर 1.5. तुम्ही नळ मोजले. पाणी कोणी मोजायचं?

माझे वडील बासष्टचे. मान वळत नाही, उकिडवं बसता येत नाही. अकरा वर्षं वात समजून गोळ्या खाल्ल्या. आई रोज पाणी उकळून द्यायची. उकळल्याने फ्लोराइड जात नाही, पाणी आटतं तसं ते दाटतं, हे तिला एकाही साहेबाने सांगितलं नाही. ती अजून स्वतःला दोष देते.

गावात फिल्टर बसला, नारळ फुटला. आतला माल बदलायचे पैसे कोणी द्यायचे यावरून दीड वर्षात बंद. तुरटी-चुन्याने फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी या सरकारी पर्यावरण संशोधन संस्थेने 1970च्या दशकातच शोधलीय. नागपूर इथून दीडशे किलोमीटर. पन्नास वर्षांत तेवढं अंतर कापता आलं नाही? उद्घाटनाला पैसा असतो, देखभालीला कधीच नसतो, हे सगळ्याच खात्यांचं दुखणं आहे.

विहिरी आटल्या की बोअर आणखी खाली जाते, आणि पाणी खडकात जितकं मुरलेलं तितकं फ्लोराइड सहसा जास्त. 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन घालणारा भूजल अधिनियम 2009च्या नावाने कागदावर आहे. आमच्या शिवारात बोअरची गाडी रात्रभर धडधडत चारशे फूट जाते. अडवायला कोणी येत नाही.

आता मुदत 2028 झाली म्हणे. माझी धाकटी अकरा महिन्यांची आहे. 2028पर्यंत तिचे समोरचे पक्के दात हिरडीखाली बरेचसे घडून गेलेले असतील. आमची जुनी उघडी विहीर उपसून, पाणी तपासून, या उन्हाळ्याआधी नळाला जोडा.

एक बाप,
केळापूर तालुका, जि. यवतमाळ