राज्यशास्त्राची चौथी वाट

संपादक महोदय,

बारावीच्या निकालानंतर आपल्या पुरवणीत आलेला कला शाखेच्या विद्यार्थ्यांसाठीचा लेख वाचला. राज्यशास्त्र घेतलं तर पुढे स्पर्धा परीक्षा, कायदा किंवा पत्रकारिता, एवढंच त्यात होतं. संशोधनाचा साधा उल्लेखही नव्हता. मुळशी तालुक्यात मी तीस वर्षं हा विषय शिकवला, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

बरीच वर्षं झाली. धरणाकाठच्या गावातून येणाऱ्या एका मुलानं वर्गात विचारलं, "मॅडम, आजी म्हणते सावकारांनी पैसे घेतले म्हणून आपण हरलो. पुस्तकात तसं का नाही?" पाठ्यपुस्तकात मुळशी सत्याग्रहावर, म्हणजे इथल्या शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध दिलेल्या लढ्यावर, जेमतेम चार ओळी होत्या. त्यात सेनापती बापट होते आणि 'जान किंवा जमीन' ही घोषणा होती. आजीच्या प्रश्नाला मात्र त्या चार ओळींत जागा नव्हती.

उत्तर मला डॉ. राजेंद्र व्होरा यांच्या 'मुळशी सत्याग्रह' या पुस्तकात सापडलं. व्होरा पुणे विद्यापीठात राज्यशास्त्राचे प्राध्यापक होते. निवडणुका, पक्ष, महाराष्ट्राचं राजकारण हा त्यांचा नेहमीचा प्रांत. सुहास पळशीकरांबरोबर त्यांनी राज्यशास्त्राचा कोशही संपादित केला. अशा माणसानं धरणाविरुद्धच्या शेतकऱ्यांच्या लढ्याकडे वळावं, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं. पुस्तक वाचल्यावर कळलं की हा त्यांच्याच विषयाचा गाभा आहे. जमीन कुणाच्या नावावर, कसतो कोण, वाटाघाटीला कोण बसतो आणि मोबदला कुणाच्या हाती पडतो, हे राजकारण नाही तर काय?

मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. त्यासाठी टाटा कंपनी निळा-मुळेच्या संगमावर धरण बांधत होती आणि जमिनी घ्यायला १८९४ चा भूसंपादन कायदा सरकारच्या हाताशी होताच. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला आणि काम थांबवावं लागलं. पुढे मात्र फळी फुटली. खोऱ्यातली बरीच जमीन पुण्यातल्या सावकार-जमीनदारांच्या नावावर होती. त्यांना मोबदला चालणार होता, कसणाऱ्या कुळांना तो नको होता. १९२४ च्या अखेरीस लढा संपला. आजीची आठवण खोटी नव्हती.

व्होरा यांचा हाच अभ्यास २००९ मध्ये इंग्रजीत आला, तेव्हा मुळशीच्या लढ्याला जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हणणारं शीर्षक त्याला होतं. 'पहिली' या शब्दावर कुणी वाद घालेल, घालू दे. मला मोलाचं वाटतं ते हे की आपल्या विद्यापीठातला एक अभ्यासक आपल्याच जिल्ह्यातली चळवळ घेऊन बसला आणि ती आधी मराठीत लिहिली. चळवळीबद्दल मनात आदर असतानाही तिच्यातली फूट त्यानं झाकली नाही. पर्यावरणाच्या चळवळी अभ्यासायच्या म्हणजे हेच करावं लागतं. जुनी वृत्तपत्रं आणि सरकारी दप्तर धुंडाळायचं, गावात बसून ऐकायचं, आणि ज्यांच्या बाजूनं आपलं मन आहे त्यांनाही अवघड प्रश्न विचारायचे.

आज तर असे विषय दारात आहेत. प्रकल्पांच्या जनसुनावण्या होतात, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ग्रामसभा दावे करतात, नद्यांसाठी शहरातली माणसं रस्त्यावर येतात. ते पाहायला राज्यशास्त्राचे विद्यार्थी हवेत.

ही वाट सुखाची आहे असं मी म्हणत नाही. एम.ए., नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, मग पीएच.डी.; एवढं करूनही अनेकांची वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, जातात. हेही पुरवणीत छापा, मुलांपासून लपवू नका. पण वाट आहे, हे त्यांना कळू तरी द्या.

तो मुलगा पुढे एम.ए. झाला, सेट झाला. आता तोही तासिका तत्त्वावर शिकवतो आणि सुटीच्या दिवशी धरणाकाठच्या गावांतून जुने सातबारे पाहत, म्हाताऱ्यांच्या आठवणी टिपत फिरतो. पुढच्या पुरवणीत त्याच्यासारख्या चार-पाच तरुण अभ्यासकांशी बोलून एक पान करावं, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, ता. मुळशी