पिल्लं राखणाऱ्या मरळीवर गरी टाकू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस लागून रोवण्या सुरू झाल्या की आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या पाळीवर रविवारी गरीवाले दिसू लागतात. पूर्वी गावचीच पोरं असायची. बांबूची काडी, तरंगायला धांड्याचा तुकडा आणि डब्यात गांडुळं. आता शहरातूनही मंडळी येतात, रॉड, रीळ आणि रबरी बेडूक घेऊन. जरूर यावं. मीही लहानपणापासून गरी टाकत आलोय आणि दुपारभर पाण्याकडे बघत बसण्यातलं सुख मला ठाऊक आहे. पण एका गोष्टीसाठी अगदी कळकळीने लिहितो आहे.

या दिवसांत कडेच्या गवताजवळ, बेशरमाच्या झुडपांलगत, पाण्यावर तांबूस-नारिंगी रंगाचा एक पुंजका सरकताना दिसतो. भात शिजताना आधण यावं तसं तिथलं पाणी बारीक बारीक बुडबुडत असतं. ती मरळीची पिल्लं. मरळ हवेतूनही श्वास घेते, म्हणून पिल्लं सारखी वर येतात. त्यांच्या खालीच आई-बाप राखणीला असतात आणि जवळ येईल त्यावर तुटून पडतात. भुकेने नव्हे, पिल्लांसाठी. हे माहीत असलेले लोक मुद्दाम त्या पुंजक्यातच बेडूक टाकतात, आणि मरळ हमखास लागते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या तलावावर असंच झालं. राखणीची मरळ काढली, फोटो झाले. इकडे पिल्लं विखुरली आणि थोड्याच वेळात खंड्या आणि पाणकावळे तिथे घिरट्या घालू लागले. आम्ही मासा परत सोडतो, असं काही जण सांगतात. पण गरी सोडवून, फोटो काढून तो पाण्यात जाईपर्यंत पिल्लांना कोण राखणार?

रोहू, कतला साचलेल्या पाण्यात सहसा वाढवत नाहीत आपला वंश. त्यांची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) मच्छीमार संस्था विकत आणून सोडते. मरळीचं तसं नाही. ती दुसरे मासे खाते म्हणून तिचं बी सहसा कोणी सोडत नाही, ती तलावातच वाढते. बाजारात तिला रोहूपेक्षा चांगला भाव मिळतो, जिवंत विकता येते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. आज अनेक तलावांत ढिवर बांधवांच्या सहकारी संस्था ठेक्याने मासेमारी करतात. आपली एका रविवारची हौस त्यांच्या हातातला पैसा आहे. (पाळीवर बसण्याआधी संस्थेला विचारावं, हेही पुष्कळांना सुचत नाही.)

म्हणून विनंती. पिल्लांचा पुंजका दिसला की गरी गुंडाळून दुसऱ्या काठाला जावं. कोतरी, शिंगूर तिथेही लागतात. संस्थांनी बाहेरच्या गरीवाल्यांना माफक पैसे घेऊन दिवसाची पावती द्यावी आणि तिच्यावर ही अट ठळक छापावी. आपणही पावसाळी सहलीची ठिकाणं छापता, त्यात आमचे तलाव असतातच. त्या मजकुरासोबत या सूचनेला दोन ओळींची जागा द्यावी.

आपला,
एक वाचक, ता. साकोली, जि. भंडारा