दुःख तुकड्यांतच सांगावं, असा नियम कुणी केला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला वसाहतोत्तर कादंबरी आणि आघात या विषयावरचा लेख वाचला. लेख अभ्यास करून लिहिला आहे, याबद्दल वाद नाही. पण त्यातलं मुख्य म्हणणं काही केल्या घशाखाली उतरेना. लेखकाच्या मते आघात झालेल्या मनात काळाचा क्रम मोडून पडतो. म्हणून फाळणी, दंगल, वंशसंहार यांवरची कादंबरीही तुटक निवेदनात, मागेपुढे उड्या मारतच लिहायला हवी. सरळ क्रमानं, साध्या गद्यात सांगितलं की अनुभवाची धार जाते. या निकषावर त्यांनी १९४७ च्या दंगलीवरची भीष्म साहनींची हिंदी कादंबरी 'तमस' एका वाक्यात जुन्या वळणाची म्हणून निकालात काढली. हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे.

मी साहित्याचा प्राध्यापक नाही. ठाणे जिल्ह्यातल्या दिवाणी न्यायालयांत लघुलेखक म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झालो. माणूस बोलतो काय आणि कागदावर येतं काय, यातलं अंतर हा माझा रोजचा धंदा होता, तेवढ्या अधिकारावर लिहितो आहे.

पहिली गोष्ट, 'तमस'चं आपल्या जिल्ह्याशी नातं आहे आणि लेखात त्याचा उल्लेखही नाही. मे १९७० मध्ये भिवंडीत दंगल झाली. त्यानंतर भीष्म साहनी आपले भाऊ बलराज साहनी यांच्याबरोबर तिथे आले होते. साहनी मूळचे रावळपिंडीचे, १९४७ ची तिथली दंगल त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली. भिवंडीच्या उद्ध्वस्त गल्ल्यांतून हिंडताना तेवीस वर्षांपूर्वीची रावळपिंडी वर आली आणि दिल्लीला परतल्यावर त्यांनी लिहायला घेतलं, असं त्यांनीच आत्मचरित्रात नोंदवलं आहे. १९७४ साली 'तमस' प्रसिद्ध झाली. आता पाहा. आघात त्या क्षणी पुरता कळत नाही, तो उशिरा, भलत्याच ठिकाणी परत येतो, हे सूत्र आघाताच्या अभ्यासक कॅथी कॅरुथ यांच्या १९९६ च्या पुस्तकापासून विद्यापीठांत पाठ झालं आहे. साहनींच्या बाबतीत नेमकं तेच घडलं. दुखणं परतलं ते कशेळीच्या पुलापलीकडे, भिवंडीत. आणि तरीही त्यांनी कादंबरी लिहिली ती तृतीयपुरुषी निवेदनात आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीनं. अनुभव कसा परत आला यावरून तो कसा सांगायचा हे ठरत नाही, याला याहून जवळचा पुरावा मला तरी देता येणार नाही.

सरळ निवेदनाबद्दलचा संशय मला समजतच नाही, असं मात्र नाही. उल्हासनगरच्या बराकींचे दावे आमच्याकडे येत. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी, फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासितांना ठेवलं, १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर झालं. एखाद्या म्हाताऱ्या बाईला वकील विचारत, "ही खोली तुमच्या ताब्यात केव्हापासून आहे?" बाई सुरुवात करत कराचीपासून. बंदरावर उघडायला लावलेली पेटी, बोटीवर तापानं फणफणलेलं जावेचं मूल, मध्येच धाकट्या दिराचं लग्न (ते बरंच नंतरचं), मग पुन्हा बंदर. वकील म्हणत, "आजी, विचारलंय तेवढंच सांगा." आणि न्यायाधीश साहेब मला सांगत, लिहा : दाव्यातील मिळकत सन १९५० पासून माझ्या ताब्यात व वहिवाटीत आहे.

हे वाक्य त्या बाईनं उच्चारलेलं नसे. पण खाली अंगठा तिचा. यात कुणाची लबाडी नव्हती, कायद्याची रीतच तशी. इंग्रजांनी १९०८ मध्ये केलेल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत मुळात असंच म्हटलेलं होतं, की साक्ष शक्यतो प्रश्नोत्तरांच्या रूपात नको, सलग निवेदनाच्या रूपात उतरवावी. साक्षीदाराच्या वागण्याविषयी न्यायाधीशांना महत्त्वाचं वाटेल ते टिपून ठेवायचीही त्यात सोय आहे. म्हणजे रडण्याला कागदावर जागा होती, पण ती कंसात. २००२ पासून तर सरतपास, म्हणजे साक्षीदारानं स्वतःच्या बाजूनं द्यायची पहिली साक्ष, प्रतिज्ञापत्रावरच येतो. वकिलाच्या कचेरीत टाइप झालेली दहा माणसांची दहा आयुष्यं एकाच सुरात वाचायला मिळतात.

तेव्हा सरकारी सरळपणा काय चीज आहे हे मला ठाऊक आहे, आणि ते साहनींनाही ठाऊक होतं. 'तमस'मध्ये दंगल निवल्यावर मदत-कचेरीत एक आकडेवाला बाबू बसलेला आहे. लोक येऊन आपली कहाणी सांगू लागतात, त्याला हवे असतात मेलेले किती, जखमी किती, नुकसान किती. तिथेच एक माणूस विहिरीत उडी घेतलेल्या आपल्या बायकोच्या हातातलं सोनं काढता येईल का, याची चौकशी करतो. साहनी त्याच्यावर रागावत नाहीत, त्याच्यासाठी गळाही काढत नाहीत. त्याच्या मनाच्या चिंधड्या दाखवायला वाक्याची मोडतोड करत नाहीत. माणूस सोन्याचं विचारतो आणि आपण जागच्या जागी थिजतो. या ठिकाणी तुटक, काव्यमय परिच्छेद आला असता तर वाचकाला सुटका मिळाली असती : लेखकाला किती वाईट वाटलं, हे पाहण्याची सुटका.

क्रमाचंही तेच. कादंबरी उघडते ती नत्थू अंधाऱ्या खोपटात डुक्कर मारायची धडपड करतो तिथे. मुराद अलीनं त्याला ते काम सांगितलेलं आहे. शेवटी शहरातून शांततेच्या घोषणा देत बस निघते आणि त्या बसमध्ये घोषणा देणारा असतो हाच मुराद अली. नत्थू तोवर मेलेला. मुराद अलीखेरीज त्या बसमधल्या कुणालाच माहीत नसलेली गोष्ट फक्त वाचकाला माहीत असते, आणि ती माहीत असते कारण लेखकानं त्याला पहिल्या पानापासून ओळीनं सगळं दाखवलं. प्रसंग विस्कटून मांडले असते तर त्या बसचं कोडं झालं असतं. इथे ते कोडं नाही. तुम्ही साक्षीदार आहात आणि तुम्हाला कुणी साक्षीला बोलावत नाही.

भिवंडीच्या त्याच दंगलीची न्यायमूर्ती मादन आयोगानं चौकशी केली, त्यात जळगाव आणि महाडच्या दंगलीही होत्या. आयोगाचा अहवाल आणि 'तमस' एकाच राखेतून निघालेले दोन कागद आहेत, असं मी मानतो. दोन्ही ओळीनं सांगणारे. दोघांत फरक काय, यावर आपल्या लेखाच्या लेखकानं लिहावं.

मोडलेल्या काळाची गरज कुठेच नसते, असं म्हणण्याइतका मी हट्टी नाही. अमिताव घोष यांच्या 'द शॅडो लाइन्स'मध्ये (१९८८) त्रिदिवचा मृत्यू ढाक्यात १९६४ मध्ये होतो आणि आपल्याला तो नीट कळतो शेवटी. हे योग्यच आहे, कारण निवेदकालाही तो तसाच कळतो. लहानपणी कलकत्त्यात त्यानं अनुभवलेली दंगल आणि ढाक्यातली दंगल एकाच धाग्यानं बांधलेल्या होत्या, हे त्याला फार वर्षांनी दिल्लीच्या ग्रंथालयात जुनी वृत्तपत्रं चाळताना उमगतं. तिथे उशीर हाच विषय आहे. रश्दींच्या 'मिडनाइट्स चिल्ड्रन'मधला (१९८१) निवेदक सलीम गांधीहत्येची तारीख चुकीची सांगतो, चूक लक्षात आल्यावरही दुरुस्त करत नाही. उलटतपासात असा साक्षीदार पाच मिनिटांत आडवा होतो. कादंबरीत तो तरतो, कारण त्याच्या आठवणीचं गणित आणि देशाचं कॅलेंडर जुळत नाही हेच त्याला सांगायचं आहे. (त्या पुस्तकाचा पुढचा शब्दबंबाळ भाग मला झेपला नाही, पण तो माझा प्रश्न.)

आणि उर्दू कथाकार मंटो! फाळणीवरच्या 'सियाह हाशिये'मधली (१९४८) 'जेली' ही अर्ध्या पानाची गोष्ट. सकाळी सहा वाजता पेट्रोल पंपापाशी बर्फवाल्याला सुरा भोसकला. सातपर्यंत प्रेत पडून, वर बर्फाचं पाणी ठिबकतंय. पोलिसांनी प्रेत नेलं, बर्फ आणि रक्त तिथेच. टांगा जातो. आतलं मूल आईला ओढून दाखवतं, बघ, जेली! वेळ, जागा, वस्तू, हा शुद्ध पंचनामा आहे. असे कागद मी पोत्यानं हाताळलेत. मंटोनं पंचनाम्याची भाषा जशीच्या तशी उचलली आणि पंचांनी सही करायची तिथे एका पोराला बोलायला लावलं. याला सरळ शैली म्हणायचं की मोडलेली? आपल्या लेखातल्या दोन खणांत ही गोष्ट कुठे बसते ते मला सांगावं.

लेखात मराठीचं नाव नाही, म्हणून एकच उदाहरण देतो. 'बलुतं' (१९७८) आत्मकथन आहे, कादंबरी नाही, हे मान्य. पण दया पवारांनी त्यात दगडू मारुती पवाराला बोलायला बसवलं आणि स्वतः ऐकणारे झाले. एकाच माणसाचे दोन केले. फूट एवढीच. पुढे मुंबईतल्या कावाखाना वस्तीचं सारं वर्णन गप्पा मारल्यासारखं, नावागावासकट, हसत-शिव्या देत येतं. कारण दगडूचा आघात एका रात्रीत घडलेला नाही, तो रोजच्या जेवणासारखा रोजचा आहे. रोजचं जे असतं ते विसरलं जात नाही आणि अवचित परतही येत नाही. ते गेलेलंच नसतं. कॅरुथ यांच्या सिद्धान्ताला हाच आक्षेप अभ्यासक स्टेफ क्रॅप्स यांनी २०१३ च्या पुस्तकात घेतला आहे : युरोपातल्या एकेका प्रलयावरून बेतलेलं माप वसाहतींत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या छळाला लावू नका, आणि तुटक शैली हीच तेवढी खरी असंही धरून चालू नका. आपल्या लेखाच्या लेखकानं कॅरुथ यांचं पुस्तक वाचलेलं दिसतं. क्रॅप्स यांचंही वाचावं.

नायजेरियाचे चिनुआ अचेबे यांच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट'च्या (१९५८) शेवटी नायक ओकोन्क्वो गळफास घेतो. गोरा जिल्हा अधिकारी मनाशी ठरवतो, की आपल्या नियोजित पुस्तकात याच्यावर एक प्रकरण, नाही, एक बऱ्यापैकी परिच्छेद होईल. अख्खी कादंबरी अचेबे यांनीही साध्या, ओळीच्या गद्यातच लिहिली आहे. अधिकाऱ्याचा परिच्छेदही बहुधा साध्या, ओळीच्या गद्यातच असणार. तेव्हा शैलीची परीक्षा वाक्य तुटलेलं आहे की सलग, यावर करता येत नाही. साहेबांनी सांगितलेलं सलग वाक्य मी आयुष्यभर टाइप केलं. सलग वाक्यात कुणाचं काय गाळलं गेलं आणि कुणी मुद्दाम काय ठेवलं, हे पाहावं लागतं.

आपल्याला विनंती एवढीच, की या लेखमालेत 'तमस'वर स्वतंत्र लेख यावा. त्यातल्या विहिरीच्या प्रकरणावर आणि आकडेवाल्या बाबूवर सविस्तर लिहावं. शक्य झाल्यास लेखकानं त्याआधी एकदा भिवंडीला जाऊन यावं. ठाण्याहून बाळकूम-कशेळीमार्गे वाहनं मिळतात. कापूरबावडीच्या वाहतुकीत अडकण्याची तयारी ठेवावी.

आपला,
एक निवृत्त लघुलेखक,
कळवा (ठाणे)