रॉकेटच्या बातमीत वेगही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उपग्रह सोडला की त्याची बातमी आपल्या दैनिकात पहिल्या पानावर, चित्र आणि चौकटीसह येते. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माझ्यासारख्या वाचकाला त्याचे फार अप्रूप वाटते. पण 'रॉकेट गुरुत्वाकर्षण भेदून अंतराळात गेले' हे वाक्य त्यात जवळजवळ दर वेळी असते, आणि ते चूक आहे. माझे विद्यार्थी तेच उत्तरपत्रिकेत उतरवतात, म्हणून हे पत्र.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे 400 किमी उंचीवरून फिरते. तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे 89 टक्के शिल्लक असते. तेवढा उंच मनोरा बांधता आला, तर खाली 60 किलो भरणारा माणूस वरच्या काट्यावर 53 किलो भरेल. अंतराळवीर तरंगतात ते ओढ संपली म्हणून नव्हे. ते आणि त्यांचे स्थानक दोघेही सतत पडत असतात. मात्र त्यांचा आडवा वेग सेकंदाला सुमारे 7.7 किमी असल्याने ते जितके खाली येतात, तितकी पृथ्वीची पाठही खाली वळलेली असते.

म्हणजे अवघड आहे ते उंची गाठणे नव्हे, हा वेग गाठणे. 21 नोव्हेंबर 1963 रोजी केरळमधल्या थुंब्याहून उडालेले अमेरिकी बनावटीचे नाइकी-अपाची रॉकेट 200 किमीच्या आसपास उंच गेले आणि खाली पडले. त्याचे वजन एक टनही नव्हते. कक्षेत राहू शकेल असा उपग्रह आपल्या स्वतःच्या रॉकेटने सोडायला 18 जुलै 1980 हा दिवस उजाडावा लागला. 35 किलोच्या रोहिणी उपग्रहासाठी 17 टनांचे, चार टप्प्यांचे (म्हणजे एकावर एक रचलेल्या, आपापले इंधन असलेल्या चार भागांचे) एसएलव्ही-3 रॉकेट लागले.

एवढे इंधन का लागते, हे शाळेत क्वचितच सांगितले जाते. रॉकेट मागच्या हवेला रेटून पुढे जात नाही. निर्वातात तर ते अधिक चांगले चालते. ते स्वतःच्या पोटातला वायू प्रचंड वेगाने मागे फेकते आणि त्या फेकण्याच्या प्रतिक्रियेने पुढे सरकते. समजा, वायू सेकंदाला 3 किमी वेगाने बाहेर पडतो. रॉकेटला स्वतःला 3 किमीचा वेग हवा असेल, तर सुरुवातीचे वजन शेवटी उरणाऱ्या वजनाच्या 2.7 पट लागते. 6 किमीसाठी 7.4 पट आणि 9 किमीसाठी तब्बल 20 पट! शिदोरी वाहून नेण्यासाठी आणखी शिदोरी घ्यावी, तसे हे आहे. हे गणित रशियाच्या त्सिओलकोव्हस्कीने 1903 मध्येच प्रसिद्ध केले होते. त्यात हवेचा अडथळा आणि चढतानाची गुरुत्वाकर्षणाची वजावट धरली, की रिकामे झालेले टप्पे वाटेत टाकून देण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

चांद्रयान-3 चे उड्डाण आठवा. 14 जुलै 2023 ला श्रीहरिकोट्याहून सुमारे 640 टनांचे एलव्हीएम-3 रॉकेट निघाले. यान होते 3.9 टनांचे. शेवटचा क्रायोजेनिक (अतिथंड द्रव इंधनाचा) टप्पा पेटला तेव्हा रॉकेट सुमारे 175 किमी उंचीवर होते. साधारण अकरा मिनिटे जळून तो विझला, तेव्हाही उंची जवळपास तेवढीच होती! वेग मात्र दुपटीहून अधिक वाढून सेकंदाला 10 किमीच्या पुढे गेला होता. त्या अकरा मिनिटांत रॉकेट 'वर' गेलेच नाही म्हटले तरी चालेल, आणि तरीही मोहिमेचा सर्वांत मोलाचा भाग तोच होता. या अकरा मिनिटांबद्दल मुलांना सांगितले, की वर्गात प्रश्नांचा नुसता पाऊस पडतो.

विक्रोळीत रॉकेटची इंजिने तयार होतात, वालचंदनगरला घन इंधनाच्या रॉकेट-मोटारींची (म्हणजे घन इंधन जाळणाऱ्या टप्प्यांची) आवरणे तयार होतात, हे आपण अभिमानाने छापता, छापावेच. त्याबरोबर हेही यावे, की शेवटच्या टप्प्याचा सांगाडा एक किलोने हलका केला तर उपग्रहाला पूर्ण एक किलो जास्त मिळतो, आणि पहिल्या टप्प्यात त्यासाठी कितीतरी किलो वाचवावे लागतात. त्या कारागिरांच्या कामातली खरी कसोटी वाचकाला तेव्हा कळेल.

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात अवकाश मोहिमांवर धडा आहे. कक्षेत राहण्यासाठी किती वेग लागतो, याचे सूत्र मुले त्यात शिकतात. म्हणून विनंती, की पुढच्या उड्डाणाच्या बातमीत प्रत्येक टप्पा सुटतानाची उंची आणि वेग हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी द्यावेत. इस्रोच्या मोहीम-पुस्तिकेत ते असतात. आणि चित्रात रॉकेटचा मार्ग सरळ उभा न काढता, थोडे वर जाऊन समुद्राकडे आडवा वळत गेलेला दाखवावा.

आपला,
भौतिकशास्त्राचा एक शिक्षक, सातारा