अण्णांची वही

प्रिय दिन्या,

तब्येत ठीक, गुडघा तसाच. पत्र लिहितोय ते अण्णांसाठी. फोनवर बोललो असतो तर ते पडवीतून कान देऊन बसले असते.

परवा त्यांची बीपीची वही हाती लागली. आशाताईंनी घालून दिलेली, सकाळ-संध्याकाळ आकडे लिहायचे. अख्खा महिना १२०/८०! जत्रेचं मटण हाणलं त्या रात्रीही १२०/८०. सगळं एका पेनानं, एका बैठकीत. डेअरीचा सेक्रेटरी सगळ्यांच्या दुधाला रोज एकच फॅट लावतो म्हणून ग्रामसभेत रजिस्टर आपटणारे ते हेच अण्णा. (तू तेव्हा सेक्रेटरीची बाजू घेतली होतीस, मी विसरलेलो नाही. त्याची पुतणी देखणी होती, हे मान्य.)

विचारलं तर म्हणाले, "मशिनच खोटं बोलतंय, मग मी खरं कशाला लिहू?" आणि ते निम्मं खरं निघालं की रे! बेबीनं पुण्याहून पाठवलेल्या मशिनचा पट्टा साध्या दंडाचा. तालीम सुटली तरी अण्णांचा दंड काही उतरला नाही. पट्टा अपुरा पडला की आकडा असतो त्यापेक्षा जास्त दिसतो. त्यात हे मळ्यातून आल्या आल्या, चहा ढोसून, खाटेवर पाय लोंबकळत सोडून, वहिनीशी भांडता भांडता मोजणार. एकदा १८० च्या वर गेलं, तेव्हापासून मशिन फडताळात.

उपकेंद्रात नेलं. सिस्टरनी मोठा पट्टा शोधून काढला. पाठ टेकवून, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आणि पाच मिनिटं गप्प. अण्णा, पाच मिनिटं गप्प! तू पाहायला हवं होतंस. १५६/९४ आलं. मिनिटभरानं पुन्हा, १५२/९२. घरी मोजताना १३५/८५ च्या खाली हवं. म्हणजे मशिन चढवून सांगत होतं, पण बीपी आहेच. मागच्या खेपेलाही तिथं जास्त आलं होतं, तर डॉक्टरांनी वही पाहिली, "घरी छान आहे, दवाखान्यात थोडं चढतं काहींचं" म्हणाले आणि गोळी तीच ठेवली. त्या खोट्या वहीनं हे केलं.

गोळीही रोज नाही. "डोकं जड झालं की घेतो." अरे, बीपी चढलेलं कळतंच असं कुठंय! गोळ्या फुकट मिळतात. २०१७ च्या अखेरीस देशात बीपी आटोक्यात ठेवायचा उपक्रम निघाला, त्याच्या पहिल्या जिल्ह्यांत आपला सातारा होता. आशाताई गोळी घेतली का विचारायला दारात येतात, तर हे त्यांनाच चहा पाजून विषय बदलतात. वर पाठदुखीची गोळी मेडिकलमधून परस्पर. तिनंही बीपी वाढतं म्हटल्यावर शिव्या मेडिकलवाल्याला. मीठ दिवसाला सगळं मिळून लहान चमचाभर, असं सिस्टर म्हणाल्या, तर यांचा सवाल, "त्यात खर्डा धरला का?"

हसतोय खरा, पण झोप लागत नाही. बापूंना अर्धांग झालं तेव्हा ट्रॉलीत त्यांचं डोकं मांडीवर घेऊन तूच बसला होतास. अण्णा ट्रॅक्टर चालवत होते, वाईपर्यंत एकदाही मागं वळून बघितलं नाही त्यांनी. आता आकडाही बघवत नसणार, असं मला वाटतं. पण "तुम्ही घाबरताय" हे त्या पैलवानाला धाकट्या भावानं कुठल्या तोंडानं सांगायचं?

सुनबाईचं बाळंतपण नीट झालं, बरं वाटलं. फ्लॅटचा ताबा मिळाला का? सविस्तर कळव.

मोठा पट्टा मागवलाय. तो आला की कळवतो, मग अण्णांना फोन कर. वहीचा विषय काढू नकोस. तुझंच बीपी वाढलंय म्हण आणि मोजायचं कसं ते विचार. तुला शिकवायचं म्हटलं की मशिन फडताळातून निघेल आणि पाच मिनिटं गप्पही बसतील. सुमनवहिनी म्हणत होत्या तूही मोजायचं टाळतोस, तेव्हा फारसं खोटं बोलावं लागणार नाही.

तुझा,
शिऱ्या