मॉड्यूल पेटीत आहे, पण बाइट कोण मोजणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वेगवेगळ्या भाषांतला कोड ब्राउझरमध्ये किंवा दुसऱ्या प्रोग्रॅमच्या आत चालवता येईल अशा वेबअसेम्ब्ली या स्वरूपावरचा आपल्या पुरवणीतला लेख आवडला. फक्त ‘मॉड्यूल सँडबॉक्समध्ये चालते, त्यामुळे काळजीचे कारण नाही’ हे वाक्य खटकले. (मॉड्यूल म्हणजे असा तयार कोडचा तुकडा, सँडबॉक्स म्हणजे त्याला बाकी यंत्रणेपासून अलग ठेवणारी पेटी.) मीही याच भरवशावर राहिलो आणि दोन रात्री जागलो.

आमचे मुख्य ॲप्लिकेशन रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत आहे. मजकुरातल्या जादा मोकळ्या जागा काढण्याचा भाग सहकाऱ्याने सी भाषेत लिहून वासम (वेबअसेम्ब्ली) फाइल हातात ठेवली. मी वासमटाइम या वेबअसेम्ब्ली चालवणाऱ्या लायब्ररीतून ती लोड केली, फंक्शन शोधले, कॉल केला. इंग्रजी मजकुरावर सगळ्या टेस्ट पास. मग ‘नमस्कार’ दिला. परत आले ‘नम’ आणि मागे लोंबकळणारा एक बाइट. यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत हे बसत नाही, म्हणून रस्टने एरर दिली.

चूक माझीच होती. २०१९ साली डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेने प्रमाणित केलेल्या वेबअसेम्ब्लीत फंक्शनला आकडेच देता येतात: ३२ किंवा ६४ बिटांचे, पूर्णांक किंवा फ्लोट (दशांशाचे). स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, नाहीच. ती आधी मॉड्यूलच्या मेमरीत कॉपी करायची आणि मग पत्ता व लांबी असे दोन आकडे द्यायचे. लांबी म्हणून मी अक्षरचिन्हे मोजली. काना आणि हलन्त धरून ‘नमस्कार’ची भरतात सात. पण देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइट घेते, म्हणजे द्यायला हवे होते २१. इंग्रजीत एका अक्षराला एकच बाइट, म्हणून तिथे हे कधी उघडकीलाच आले नाही.

आता यात सँडबॉक्सने काय केले? काहीच नाही, आणि ते बरोबरच आहे. मॉड्यूलची मेमरी ६४ केबीच्या पानांनी वाढते; तिच्या हद्दीबाहेर वाचले तर ट्रॅप बसतो आणि फंक्शन थांबते. हद्दीच्या आत काहीही वाचा, कोणी हटकत नाही. शून्य पत्त्यावर लिहिले तरी खपून जाते! नेहमीच्या सी प्रोग्रॅमचा तिथे बहुधा जीव गेला असता.

उलट दिशेने येणारे आकडेही तपासूनच घ्यावे लागतात. मॉड्यूलने परत दिलेला पत्ता आय३२ (ऋण-धन दोन्ही चालणारा ३२ बिटांचा पूर्णांक) म्हणून येतो. तो दोन जीबीच्या पुढचा असेल तर ऋण दिसतो. आधी यू३२ (फक्त धन) न करता तसाच यूसाइझमध्ये (रस्टचा पत्ते-लांबीसाठीचा प्रकार) टाकला, तर भलताच प्रचंड आकडा हाती येतो. शिवाय मॉड्यूल अनंत लूपमध्ये अडकले तर? वासमटाइममध्ये त्यासाठी फ्युएलची, म्हणजे किती काम करू द्यायचे याची, मर्यादा आहे, पण ती आपणहून चालू करावी लागते.

वेबअसेम्ब्लीचे भाग एकमेकांना जोडण्याच्या कंपोनंट मॉडेल या नव्या पद्धतीत स्ट्रिंग हा स्वतंत्र प्रकार आहे आणि मधला जोडकोड टूल तयार करते, त्यामुळे माझ्यासारखी मोजदादीची चूक तिथे सहसा होणार नाही. जानेवारी २०२४मध्ये आलेली वासी ०.२ (मॉड्यूलला फाइल, घड्याळ अशा सिस्टीमच्या सोयी देणारी जोडणी) याच मॉडेलवर उभी आहे. लेखात त्याचा उल्लेखही नव्हता, याचे आश्चर्य वाटले.

आमचे मॉड्यूल मात्र अजून जुन्याच पद्धतीचे आहे. ते बदलायला सहकारी तयार नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही घाई नाही. लेखाचा पुढचा भाग येणार असेल, तर त्या एका वाक्याची दुरुस्ती जरूर छापावी.

आपला,
एक प्रोग्रॅमर वाचक